भुऱ्यानं पोळा फोडला

आमच्या घरात माझ्यानंतर आलेला एकच प्राणी आहे, आणि तो माझ्याआधी सुधारला.

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझं गाव गुहागरच्या बाजूला, अगदी समुद्राच्या कडेला. नववीत शाळा सुटली. (दाखल्यावर 'शाळा सोडली' असं लिहिलंय, पण शाळेनं आणि मी एकमेकांना फार आग्रह केला नाही.) मग मोटरी बांधायचं काम शिकलो आणि कामाच्या मागे फिरत फिरत वाशीम जिल्ह्यात आलो. किन्हीराजाच्या रस्त्यावर बशीरभाईंचं मोटर-वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांनी मला एक जळकी मोटर दिली, मी ती चालू केली, त्यांनी मला ठेवून घेतलं.

पुढे एका शेतकऱ्याची विहिरीवरची मोटर जळली म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. मोटर दुरुस्त झाली, लग्न जमलं. (मोटर नंतर पुन्हा जळली. लग्न टिकून आहे.) तेच माझे सासरे. इकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला मामी म्हणतात. त्यांना एकच मुलगी, मीना. ज्याला मोटर बांधता येते आणि ज्याचं गाव इतकं लांब आहे की रुसून जायचं म्हटलं तरी दोनदा विचार करावा लागेल, असा जावई मामाजींना फार पसंत पडला. या घराचे माझ्यावर उपकार आहेत. जेवताना मी अजूनही भाजी दुसऱ्यांदा मागत नाही; फक्त पातेल्याकडे बघतो. मामी वाढतात.

अशा घरात मीनानं एक पिल्लू आणलं.

ते तिला पिठाच्या गिरणीमागे सापडलं. रंगानं भुरं, म्हणून नाव भुऱ्या. बाहेर ठेवावं तर गल्लीतली मोठी कुत्री त्याला जिवंत ठेवायला तयार नव्हती, म्हणून ते आत आलं. आत पुढच्या खोलीत मागच्या हंगामाचं सोयाबीन पोत्यांत भरून ठेवलेलं. भाव वाढला की विकायचं, हे मामाजींचं धोरण. भाव काही वाढला नाही. वाढला तो भुऱ्या. आणि सगळ्या घरात भुऱ्याला पाय वर करायला एकच जागा पसंत होती. पोती!

मामाजींनी त्याला पकडून त्याचं नाक पोत्याला घासलं. त्यातून भुऱ्या एक गोष्ट नीट शिकला : मामाजी घरात असताना हे काम करायचं नाही. मामाजी शेतात गेले की मग निवांत.

एका सकाळी मामाजी विसरलेला विळा घ्यायला परत आले, आणि त्यांना समोरच ते दृश्य दिसलं. त्यांनी फोन काढला आणि आम्हा सगळ्यांसमोर धनजला लावला. धनजला त्यांचे साडू असतात. त्यांना आम्ही मावसाजी म्हणतो. त्यांच्या शेतात रानडुकरं फार, म्हणून त्यांना राखणीला एक कुत्रं पाहिजे होतं.

"हो हो, देतो ना!" मामाजी फोनवर म्हणाले. "पोळा झाला का दुसऱ्याच दिवशी पाठवतो. बिनघोर राहा."

मीना एकदम रडकुंडीला आली. "बाबा! लहान हाय थो अजून! रानडुकरं त्याले फाडून टाकतीन!"

"मंग त्याले सांग ना," मामाजी म्हणाले. "पोळ्यापर्यंत सुधरला तं राहीन इथंच. एक डाव जरी पोत्याले पाय लावला तं धनज! माह्या घरात ज्याले सांगतलेलं ऐकू येते थोच राह्यते."

शेवटचं वाक्य म्हणताना ते कुत्र्याकडे बघत होते. पण खोलीत मीही होतो. मला रात्रभर तेच वाक्य आठवत राहिलं. मागून आलेल्याला बाहेर पाठवायची रीत एकदा या घरात सुरू झाली, तर रांगेत पुढे कोण उभं आहे, हे मला बोटं न मोजता कळत होतं. सकाळी उठून मी जाहीर केलं, "भुऱ्याला मी शिकवतो."

मीनाचा चेहरा उजळला. मामी म्हणाल्या, "जवाईबुवा, तुमाले येते काय कुत्रं शिकवाले?"

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बरीच संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.

दुकानात बशीरभाईंना विचारलं. ते मला 'कोकन' म्हणतात. माझं नाव त्यांना माहीत आहे, पण आवडत नाही.

"अरे कोकन, कुत्रं पोत्यावरच काहून जाते, सांग बरं?"

"आवडतं त्याला."

"आवडत नाई रे बाबा! तिथं त्याले पयल्या दिवसाचा वास येते. त्याले वाट्टे, आपलं हेच इंतजाम हाय. मामाजीनं नाक घासलं त्याचा काई फायदा नाई. त्याले काय समजते? बुढ्ढा आला, मले धरलं, बस! मारू नको, घासू नको. पोतं बदल, फरशी धू, अन त्याले बाहेर ने. जेवला का बाहेर, झोपून उठला का बाहेर. बाहेर केलं का शाबासकी दे."

हे चांगलं होतं. मी इथेच थांबायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, जरा शास्त्रीय माहितीही घ्यावी. दुपारी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक शहरातली मुलगी होती, आणि तिच्या बाजूला इस्त्री करून ठेवल्यासारखा कुत्रा. ती हिंदीत सांगत होती की दाराजवळ एक घंटी टांगा, आणि पिल्लू बाहेर जाऊन काम करेल तेव्हा दर वेळी त्याला खाऊ द्या, त्यात खंड पडू देऊ नका, आणि घंटी... इथे माझा नेटपॅक संपला.

माझं सगळंच शिक्षण असं मध्येच तुटतं, त्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. घंटी कळली, खाऊ कळला, खंड पाडायचा नाही हे कळलं. मधलं मी माझ्या डोक्यानं जुळवलं : भुऱ्या बाहेर पाय वर करेल तेव्हा आपण घंटी वाजवायची. दुसरं काय असणार?

घरात घंटी शोधली. मामींच्या खोलीत एक लोखंडी पेटी होती, तिच्यात घुंगरमाळा, झुली, गोंडे आणि पितळी घंट्या कापडात गुंडाळून ठेवलेल्या.

"थे पोयाच्या घंट्या हायेत, जवाईबुवा," मामी म्हणाल्या.

(पोया म्हणजे पोळा. मी लग्न होऊन आलो तेव्हा थंडी होती, त्यामुळे इकडचा पोळा मी अजून पाहिलेला नव्हता. आमच्याकडे बैलांचा असा सण नाही. मला वाटलं, पुरणपोळीसारखं काहीतरी असेल आणि तिच्यासोबत घंटी वाजवत असतील.)

"एकच घेतो," मी म्हणालो.

"घ्या. पन पोयाले वापस द्या."

काम सुरू झालं. अंगणासमोर लिंबाचं झाड आहे. भुऱ्या जेवला की मी त्याला लिंबाखाली नेत असे. तो पाय वर करायचा, मी घंटी वाजवायचो, आणि लगेच सुक्या खोबऱ्याचा एक तुकडा. (आई गावाहून खोबरं पाठवते. मला आठवण यावी म्हणून. भुऱ्याला ते भयंकर आवडलं.) हळूहळू असं झालं की घंटी आधी आणि पाय नंतर. मी घंटी वाजवली की भुऱ्या घरात कुठेही असो, पळत बाहेर जायचा, लिंबाखाली कार्यक्रम उरकायचा, आणि माझ्यासमोर येऊन बसायचा. मान वर, शेपटी स्थिर, नजर माझ्या खिशावर. पोती कोरडी राहू लागली!

गल्लीतले लोक चहाचा कप घेऊन बघायला येऊ लागले. "भाऊ, एक डाव वाजवून दाखवा बरं!" मी वाजवायचो. भुऱ्या दाखवायचा. एकदा मामाजी पारावर पाटलांना सांगत होते ते मी माझ्या कानांनी ऐकलं : "जवायानं कुत्र्याले नळ बसवला, पाटील! घंटी वाजवली का चालू!"

माझ्याबद्दल या घरात कोणी बाहेर जाऊन चांगलं बोलल्याची ही पहिली वेळ होती. मी त्या दिवशी भाजी दुसऱ्यांदा मागितली.

मग एके दुपारी कुल्फीवाला आला. त्यानं सायकलला लावलेली घंटा वाजवली. भुऱ्या ओसरीत झोपला होता. तो उठला, पळत गेला, कुल्फीवाल्याच्या मागच्या चाकाशी थांबला, आणि आपलं काम करून परत माझ्यासमोर येऊन बसला.

"ओ भाऊ!" कुल्फीवाला ओरडला. "तुमच्या कुत्र्यानं माह्यं चाक भिजवलं!"

"धुतो, धुतो!" म्हणत मी तांब्या आणला. आणि खंड पाडायचा नाही म्हणून जाता जाता भुऱ्याला खोबरंही दिलं.

मला यात धोका दिसला नाही. मला हुशारी दिसली! साधा कुत्रा एक घंटी ओळखतो, आपला दुसऱ्याचीही ओळखतो. शाळेची मधली सुट्टीची घंटा झाली की भुऱ्या लिंबाखाली. शाळा सुटायची घंटा झाली की भुऱ्या लिंबाखाली. शिल्लक काही असो वा नसो, पाय मात्र वर. कुल्फीवाला पुढे आमच्या गल्लीत घंटा न वाजवता नुसता तोंडानं ओरडत येऊ लागला. बाकी सगळं सुरळीत होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तूप लावून शेकले आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण दिलं. बैलांना जेवायचं आमंत्रण! मला गहिवरून आलं. हे असं घर, आणि आपण त्या घराचे जावई. मामाजी पेटी उघडून घंट्या मोजत होते. एक कमी निघाली.

"दाराच्या खुंटीवर हाय, कुत्र्याची," मामी म्हणाल्या.

"आना," मामाजी म्हणाले. त्यांनी ती चिंचेनं घासून लख्ख केली आणि आमच्या चांद्याच्या माळेत ओवली. चांद्या आणि सुभान्या ही आमची जोडी. मग मामाजी माझ्याकडे वळले. "जवाई, उद्या चांद्याचा कासरा तुमी धरायचा. मी सुभान्याले धरतो."

"मी?"

"मंग कोन? घरचाच मानूस लागते."

घरचाच माणूस! मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. भुऱ्याचं काय करायचं हा प्रश्न आला. स्वयंपाकघरात पुरण, मधल्या खोलीत पाहुण्या बाया. कडी लागते अशी एकच खोली उरली.

"पोत्याच्या खोलीत?" मीना घाबरली.

"सुधरला ना थो?" मामाजी म्हणाले. "मंग होऊ दे ना परीक्षा!"

भुऱ्याला आत घालून कडी लावली. आणि मामाजींनी अंगणात बैलांच्या गळ्यात माळा चढवल्या.

मी आयुष्यात इतक्या घंट्या एकदम ऐकल्या नव्हत्या. नुसती मान हलवली तरी अंगण भरून जायचं. आतून भुऱ्याचा आवाज आला. आधी कुईं कुईं, मग दार खरवडल्याचा, मग एक लांब, कळवळून काढलेला सूर.

"काहून रडून राह्यला थो?" मामाजींनी विचारलं.

मला कारण माहीत होतं. ते मला नेमकं त्याच क्षणी माहीत झालं होतं.

"पोळ्याचा आनंद झाला असेल," मी म्हणालो.

आम्ही निघालो. मारुतीसमोरच्या मैदानावर गावातल्या सगळ्या जोड्या रांगेत उभ्या होत्या. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं. मामाजींनी मला नियम समजावला : पाटलांची जोडी मानाची. पूजा होते, मग ती जोडी तोरणाखालून पहिली जाते. त्याला पोळा फुटला म्हणतात. त्यानंतर बाकीच्यांनी निघायचं. त्याआधी कोणी गेलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"म्हनून सांगतो, जवाई. काई झालं, अगदी आभाय कोसळलं तरी कासरा सोडायचा नाई."

"नाही सोडत, मामाजी."

डफडी वाजत होती. ग्रामपंचायतीचा शिपाई माइकवर बोलत होता. झडत्या चालू होत्या. झडत्या म्हणजे पोळ्यात एकमेकांना चिमटे काढणारी, यमक जुळवलेली छोटी गाणी. बशीरभाईही पोळा बघायला आले होते, त्यांनी लांबून हात केला. मी दोन्ही हातांनी कासरा धरून उभा होतो. मी घरचा माणूस होतो.

आणि समोरून, गर्दीच्या पायांतून, भुऱ्या आला.

मैदानाच्या तोंडाशी येऊन तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, परीक्षेच्या हॉलमधल्या खिडकीच्या काचेत : एकदम इतके प्रश्न, आणि वेळ कमी! सगळीकडून घंटा वाजत होती. डावीकडे घंटा, उजवीकडे घंटा. पण भुऱ्या माझ्यासारखा नव्हता. त्यानं पेपर कोरा सोडला नाही. पहिल्या जोडीपासून सुरुवात केली.

पहिल्या बैलाचा मागचा पाय. मग तो भर मैदानातून धावत आला आणि माझ्यासमोर बसला. मान वर. नजर खिशावर.

"कोनाचं कुत्रं हाय काय मालूम," मामाजी मोठ्यानं म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मीही दुसरीकडे बघायला लागलो. भुऱ्या तिकडे येऊन बसला.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. कित्येक महिने हा कुत्रा समोर बसला की माझा हात खिशात जात होता. खोबरं माझ्या खिशात असायचंच, सणाच्या सदऱ्यातही होतं. मी ठरवलं होतं, आज द्यायचं नाही. माझ्या हातानं मला विचारलं नाही. त्यानं खोबरं काढलं आणि दिलं.

"अरे!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "हा तं बक्षीस देऊन राह्यला!"

भुऱ्या दुप्पट उत्साहानं गेला. डफडेवाल्यानं डफडं खाली टेकवलं होतं, त्याला ओल आली. माइकचा दांडा. एका गृहस्थाची टेकून ठेवलेली छत्री. प्रत्येक कामगिरीनंतर तो हजेरी द्यायला माझ्याकडे. एका कुत्र्याच्या अंगात इतकं पाणी कुठून येतं हा विज्ञानाचा प्रश्न आहे. मी नववीत शाळा सोडली.

"इनाम देऊ नको, कोकन!" बशीरभाई लांबून हात हलवत ओरडत होते. "खोबरं बंद कर!"

माइक खरखरला. "सूचना! ज्याचं कुत्रं असीन त्यानं ताबडतोब धरावं. कुत्रं भुऱ्या रंगाचं हाय. थे सद्या श्यामरावभाऊच्या जवायासमोर बसून हाय."

मामाजींचं नाव श्यामराव. ते माइकवर प्रथमच आलं होतं.

रांगेच्या टोकाला एक आजोबा होते, झडत्या म्हणण्यात सगळ्यात पुढे. त्यांनी जागच्या जागी एक नवी जुळवली :

"कोकनातून आला जवाई, संगं आनलं खोबरं,
बैलाले सोडून कुत्र्याले चारते, ह्याले काय म्हनावं बरं!"

सगळं मैदान हसलं. मामाजी हसले नाहीत. ते ओठ न हलवता मला म्हणाले, "जवाई. कासरा. सोडू. नका."

इकडे पूजा सुरू झाली. पाटील स्वतः तोरणाजवळ उभे, पांढरंशुभ्र धोतर, हातात आरतीचं ताट. आणि आता पाटलांच्या घरच्यांनी ओवाळण्याआधी देवासमोरची मोठी घंटा वाजवली.

भुऱ्याला इतक्या मोठ्या घंटेचं बोलावणं कधीच आलं नव्हतं. तो तोरणाच्या खांबाकडे धावला. खांबाच्या एका बाजूला पाटील होते. भुऱ्यानं भेदभाव केला नाही. त्यानं दोघांचंही काम केलं.

पाटील ताटासकट उडाले. त्यांना उडालेलं पाहून त्यांची जोडी मागे सरकली. आणि भुऱ्या, आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा पास होऊन, वाऱ्यासारखा माझ्याकडे आला आणि बसला. खिशातलं सुटं खोबरं संपलं होतं. उरली होती ती अख्खी वाटी. ती एका हातानं मोडत नाही.

एवढंच झालं. मी कासरा सोडला.

फक्त खोबरं मोडण्यापुरता! पण चांद्याच्या पायांतून भुऱ्या गेला होता, पुढे डफडं वाजत होतं, आणि कासरा जमिनीवर होता. चांद्या निघाला. सुभान्या जोडीदार म्हणून निघाला. मामाजी कासरा धरून होते म्हणून मामाजीही निघाले. मी झूल पकडली म्हणून मीही. पाटलांच्या जोडीच्या बाजूनं, पूजेच्या ताटावरून, तोरणाखालून आम्ही सगळे पार झालो. पुढे चांद्या-सुभान्या, मागे धोतर सावरत मामाजी, त्यांच्या मागे चिखलात पोटावर मी. आणि सगळ्यांच्या पुढे, मान ताठ करून, भुऱ्या!

माइक पुन्हा खरखरला. मग शिपाई म्हणाला, "पोळा फुटला आहे."

मी चिखलातून मान वर केली तेव्हा मामाजी पाटलांसमोर हात जोडून उभे होते. पाटलांनी ओल्या धोतराकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "श्यामराव," ते म्हणाले, "मान त्या कुत्र्याले देऊन टाका आता. माह्यं काई म्हननं नाई." आणि ते धोतर बदलायला गेले. पुढे लोकांनी सांगितलं की घराच्या वळणावर पोचल्यावर ते भिंतीला धरून हसत होते. पण मामाजींना ते दिसलं नाही, आणि मला ते फार उशिरा कळलं.

आम्ही घरी आलो. मीनानं भुऱ्याला मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याला सोडायला तयार नव्हती. तिला माहीत होतं, उद्या धनज.

मामाजींनी पोत्यांच्या खोलीची कडी काढली. खिडकीची जाळी फाटून लोंबत होती. त्यांनी आत जाऊन एकेका पोत्यावर हात फिरवला. वाकून वास घेतला. पुन्हा हात फिरवला.

"कोरडे हायेत," ते म्हणाले.

"सगळे?" मामींनी विचारलं.

"सगळे."

मामी दारात टेकल्या. "अवं बाई! तितल्या घंट्या ऐकल्या बिचाऱ्यानं. जाळी फाडून बाहेर गेला, पन पोत्याले पाय नाई लावला!"

मीना तोवर माझा मोबाइल घेऊन बसली होती. तिनं तो व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. "अहो," ती म्हणाली, "घंटी तुमी वाजवायचीच नोती! थे कुत्र्यानं वाजवायची होती, नाकानं. मले बाहेर जायचं हाय असं सांगाले!"

"असं?"

"अन मंग खोबरं हळूहळू बंद करायचं होतं."

मामाजी बाजेवर बसले. त्यांनी भुऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे याले जे शिकवलं थे यानं बरोबर केलं."

"हो, बाबा."

"मास्तरच कच्चा निंगाला."

"हो," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. या घराच्या विरोधात मी कधी गेलेलो नाही.

"आज दोघाले सांगतलं होतं," मामाजी म्हणाले. "एकाले सांगतलं पोत्याले पाय लावू नको. दुसऱ्याले सांगतलं कासरा सोडू नका. एकानं ऐकलं."

मीनानं भुऱ्याला छातीशी धरलं आणि एकदम रडायला लागली, पण हे रडणं वेगळं होतं. मीही खूश झालो. भुऱ्या राहिला! मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होतो तेवढ्यात मामाजींचा फोन वाजला. मावसाजी होते.

"हो हो, आठवन हाय ना," मामाजी म्हणाले. "सबद देला म्हंजे देला. उद्या सकाळच्या यष्टीनं पाठवतो. राखनीले चांगला हाय... नाई, बांधून ठेवायची गरज नाई, पयत नाई. घर लई दूर हाय त्याचं." हे सगळं ते माझ्याकडे बघत बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी धनजला उतरलो. मावसाजींनी अंगणात नवीकोरी साखळी, एक ॲल्युमिनियमची ताटली आणि शिळ्या भाकरी तयार ठेवल्या होत्या. त्यांनी माझ्यामागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्यांनी पिशवीत पाहिलं. मग माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"चावते काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "पण सांगितलेलं ऐकत नाही."